वाचकाची प्रतिभा

कल्पनाशक्ती म्हटले की कवी, चित्रकार, नाटककार अशी मोजकी माणसे डोळ्यांपुढे येतात आणि शेतात राबणाऱ्या, कचेरीत बसणाऱ्या, घर चालवणाऱ्या उरलेल्या समाजाचा तिच्याशी काही संबंध असेल, असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. निर्मिती ही निवडक लोकांना मिळालेली देणगी आणि वाचन हा इतरांचा विरंगुळा, अशी एक वाटणी मराठी समाजाने नकळत मान्य केली आहे, आणि या वाटणीमुळे साहित्याचे जेवढे नुकसान झाले आहे त्याहून अधिक नुकसान रोजच्या जगण्याचे झाले आहे. भारतीय साहित्यशास्त्राने मात्र हजार वर्षांपूर्वीच निराळा विचार मांडला होता. तो विचार ज्या ग्रंथात सर्वांत ठसठशीतपणे आढळतो तो ग्रंथ म्हणजे राजशेखराची 'काव्यमीमांसा'.

राजशेखर इसवी सन ९०० च्या सुमारास होऊन गेला. कनौजच्या प्रतीहार घराण्यातील महेंद्रपाल राजाचा तो गुरू होता. परंतु त्याचे घराणे यायावर कुळातले, आणि आपल्या अकालजलद नावाच्या पूर्वजाचा उल्लेख त्याने 'महाराष्ट्रचूडामणी' असा अभिमानाने केला आहे. अठरा अधिकरणांच्या, म्हणजे अठरा मोठ्या विभागांच्या, नियोजित ग्रंथापैकी 'कविरहस्य' हे पहिलेच अधिकरण आज उपलब्ध आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून ते १९१६ मध्ये छापले गेले आणि विस्मृतीत गेलेला हा विचारवंत बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या आश्रयाने पुन्हा अभ्यासकांच्या हाती आला.

प्रतिभा म्हणजे नवनव्या कल्पना सतत स्फुरवणारी बुद्धी, ही व्याख्या अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांच्या नावे प्रसिद्ध आहे. राजशेखराने या प्रतिभेचे दोन प्रकार मानले. जी कवीला उपकारक ठरते आणि त्याच्याकडून काव्य करवून घेते ती 'कारयित्री' प्रतिभा, आणि जी भावकाला, म्हणजे आस्वाद घेणाऱ्या रसिकाला, उपकारक ठरते ती 'भावयित्री' प्रतिभा. कवीचे श्रम आणि त्याचा अभिप्राय या दुसऱ्या प्रतिभेमुळेच कोणापर्यंत तरी पोहोचतात. तिच्यावाचून कवीच्या व्यापाराला फळ येत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. एका दगडातून सोने निघते आणि दुसऱ्या दगडावर ते कसाला लागते, हा दृष्टान्त त्याच ग्रंथात येतो. या विभागणीचे महत्त्व असे की तिने आस्वादालाही प्रतिभेचाच दर्जा दिला. वाचणारा माणूस येथे केवळ घेणारा राहत नाही. आपल्या मनात तो ती कृती पुन्हा घडवतो, आणि तसे घडवताना त्याच्याही ठिकाणी कवीइतकीच कल्पकता जागी असावी लागते.

कारयित्री प्रतिभेबद्दल राजशेखराने जे लिहिले आहे तेही आजच्या वाचकाने मुळातून पाहण्याजोगे आहे. ज्याला प्रतिभा नाही त्याला डोळ्यांसमोरची वस्तूही परोक्ष राहते आणि ज्याला ती आहे त्याला न पाहिलेले पदार्थही प्रत्यक्ष दिसतात, असे सांगून त्याने मेधाविरुद्र आणि कुमारदास या जन्मांध म्हणून ऐकिवात असलेल्या कवींचा दाखला दिला आहे. ही प्रतिभा त्याने तीन प्रकारची मानली: पूर्वसंस्कारातून आलेली सहजा, याच जन्मीच्या संस्कारांनी मिळवलेली आहार्या आणि उपदेशाने लाभणारी औपदेशिकी. प्रतिभा मिळवता येते, ही कल्पना त्यातील आहार्या या प्रकारात स्वच्छपणे मान्य केलेली आहे, आणि म्हणूनच कवीची दिनचर्या हा त्याला शास्त्राचा विषय वाटला. दिवसाचा पहिला प्रहर अध्ययनाला, दुसरा रचनेला, भोजनानंतरचा तिसरा काव्यगोष्ठीला आणि चौथा सकाळच्या लेखनाच्या तपासणीला द्यावा, असे तो सांगतो. कारण रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची विवेकदृष्टी जागी नसते, तेव्हा जास्त झालेले काढणे, उणे राहिलेले भरणे, चुकीच्या जागी पडलेले हलवणे आणि विसरलेले आठवणे ही कामे नंतर शांतपणे करायची असतात. कवीजवळ पेटी असावी, फळा आणि खडू असावा, दौत-लेखणी असावी, भूर्जपत्रे आणि लोखंडी टोचणीसह ताडपत्रे असावीत, इतक्या बारकाव्याने त्याने हा संसार मांडला आहे. प्रेरणेची वाट पाहत बसणाऱ्या कवीचे जे चित्र पुढे लोकप्रिय झाले, त्याला या तपशिलात कोठेही जागा नाही.

त्याच ओघात राजशेखर सांगतो की पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याच्या ठिकाणी असतो आणि तो स्त्री-पुरुष असा भेद जाणत नाही. हे विधान पोकळ औदार्याचे नव्हते. आपल्या पत्नीची, अवंतिसुंदरीची, साहित्यविषयक मते त्याने ग्रंथात तिच्या नावानिशी दिली आहेत.

प्रतिभा उपजत असते की कष्टाने येते, हा वाद राजशेखराच्या आधीही होता आणि पुढेही शतकानुशतके चालला. राजशेखरापूर्वीच्या दंडी या साहित्यशास्त्रकाराने उपजत प्रतिभेबरोबर ज्ञान आणि अभ्यास यांना स्थान दिले आणि प्रतिभा नसली तरी श्रम करणाऱ्यावर सरस्वती थोडा तरी अनुग्रह करतेच, असा दिलासा दिला. राजशेखरानंतरच्या मम्मटाने शक्ती, लोकव्यवहार व शास्त्रे यांच्या निरीक्षणातून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यास ही तिन्ही मिळून काव्याचे एकच कारण मानले. सतराव्या शतकातील जगन्नाथ पंडिताने मात्र कारण म्हणून प्रतिभेलाच एकटीला मान दिला. युरोपात १८१७ मध्ये इंग्रज कवी कोलरिजने सुट्या प्रतिमा नुसत्या जुळवणारी हलकी कल्पकता आणि अनुभव वितळवून नवे अखंड रूप घडवणारी कल्पनाशक्ती यांत जो फरक केला, त्याचीही मराठी समीक्षेत पुष्कळ चर्चा झाली आहे. या सर्व मतांमध्ये मम्मटाचे मत सर्वांत समतोल वाटते, आणि ते खरे ठरवणारे उदाहरण खानदेशात सापडते.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळच्या असोदे गावी झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लहान वयात लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य आणि जन्मभर शेतीचे कष्ट असे त्यांचे आयुष्य गेले. शेतात आणि जात्यावर काम करता करता त्यांनी रचलेली गाणी त्यांचे कवी असलेले चिरंजीव सोपानदेव आणि घरातील माणसे यांनी उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये त्या वारल्यानंतर पुढच्याच वर्षी ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांच्या प्रतिभेला दैवी चमत्कार म्हणून हात जोडण्याची रीत पडली आहे. परंतु त्यामुळे त्या गाण्यांमागची अफाट निपुणता झाकली जाते. मनाच्या अनावरपणाला त्यांनी उभ्या पिकात पुन्हा पुन्हा घुसणाऱ्या ढोराचे रूप दिले, तेव्हा त्या प्रतिमेमागे पीक राखण्याचा, ढोर हाकलून पाठ वळवताच ते परत आत शिरल्याचे पाहण्याचा अनुभव होता. सुगरण पक्ष्याचे घरटे त्यांनी झाडाखाली उभे राहून निरखले होते. त्याची वीण, त्याचे टांगणे, पिलांसाठी चाललेली त्या एवढ्याशा जिवाची खटपट त्यांना ठाऊक होती. मम्मट ज्याला लोकव्यवहाराचे निरीक्षण म्हणतो ते पोथीविना याहून वेगळे काय असते? कल्पनाशक्ती शून्यातून काही आणत नाही. ती जवळ असलेल्या अनुभवाचा दुसऱ्या अनुभवाशी आजवर कोणाला न दिसलेला संबंध जोडते, आणि ज्याच्याजवळ अनुभवच बारकाईने घेतलेला नसतो त्याच्या कल्पनेलाही खाद्य नसते.

भावयित्री प्रतिभेकडे वळताना राजशेखराने केलेले भावकांचे चार प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिला अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सर्व गिळतो, म्हणजे चांगल्यावाइटाची निवड करीत नाही. तिसरा मत्सरी, ज्याला गुण दिसतात पण तो ते बोलून दाखवत नाही. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो शब्दांची गुंफण पारखतो, नव्या उक्तीने आनंदतो आणि रचनेच्या गाभ्याशी पोहोचतो. असा भावक हजारांत एखादाच मिळतो, असे त्याने खेदाने म्हटले आहे. आजच्या पुस्तकांच्या, चित्रपटांच्या आणि नाटकांच्या चर्चा वाचणाऱ्या कोणालाही पहिले तीन प्रकार ओळखीचे वाटतील.

चौथ्या प्रकारचा भावक घडवण्याचा मराठीतील सर्वांत मोठा प्रयत्न शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे झाला. गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी सुमारे नऊ हजार ओव्यांचे भाष्य केले, आणि या विस्तारातील फार मोठा भाग दृष्टान्तांनी व्यापलेला आहे. एका कल्पनेसाठी एक दृष्टान्त पुरत असताना तीन-तीन, चार-चार दृष्टान्त देण्यामागे केवळ अलंकाराची हौस होती, असे मानणे त्या ग्रंथावर अन्याय करणारे आहे. एका दृष्टान्ताने अर्थ कळतो; परंतु एकाच अर्थाकडे निरनिराळ्या दिशांनी जाताना ऐकणाऱ्याचे मन स्वतः चालू लागते. म्हणूनच नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान, म्हणजे एकाग्र लक्ष, तेवढे मागतात. कमळाच्या पाकळ्यांना कळू न देता भ्रमर जसा पराग नेतो तशा हळुवारपणे हा ग्रंथ अनुभवावा, असे त्यांनी पहिल्याच अध्यायात सुचवले आहे. ऐकणे ही येथे कृती आहे, आणि तिलाही कौशल्य लागते.

हेच तत्त्व रंगभूमीवर अधिक उघडपणे दिसते. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ मध्ये डॉ. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हा त्यात भिंती, पडदे आणि सजावट यांची जागा ओळीने उभ्या राहिलेल्या, गाणाऱ्या नटांनी घेतली. ती माणसांची भिंत कधी पाठ फिरवून काही लपवते, कधी तोंड वळवून गर्दी होते, कधी फुटून तिच्यातून पात्र बाहेर येते. लाकूड आणि कापडाने जे झाकले असते ते येथे माणसे झाकतात, त्यामुळे शहरातला अन्याय पाहूनही पाठ फिरवणारा समाज कोणता, हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु ते कळण्यासाठी रांगेत उभी असलेली माणसे भिंत आहेत, हे त्याने आधी मनाशी कबूल करावे लागते. कोकणात आणि गोव्यात दशावताराचा प्रेक्षक साध्या बाकड्याला सिंहासन मानून पिढ्यान्‌पिढ्या हीच कबुली देत आला आहे. त्या प्रेक्षकाला अडाणी म्हणणाऱ्यांनी त्याच्या भावयित्री प्रतिभेचा विचार केलेला नसतो.

साहित्याबाहेरच्या जीवनात या प्रतिभेचे मोल कोणते, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीइतके स्पष्ट उदाहरण मराठीत दुसरे नाही. आपल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून हरिभाऊंनी ती १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध केली. तो काळ सामाजिक वादळाचा होता. संमतिवयाच्या कायद्यावरून, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्यावरून, पुण्यात सभा, पत्रके आणि अग्रलेख यांचा धुरळा उडाला होता. शास्त्रवचने, परकीय सरकारचा अधिकार, धर्माचे रक्षण असे मोठमोठे मुद्दे दोन्ही बाजूंनी मांडले जात होते, आणि ज्या मुलींबद्दल हा वाद होता त्यांचा आवाज त्यात जवळजवळ नव्हता. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या एका पुरुषाने अशा वेळी ठरवले की संपूर्ण कादंबरी यमू नावाच्या मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली असावी.

या निवडीने काय साधले ते बारकाईने पाहिले पाहिजे. यमू आरंभी वाचकाला विधवा म्हणून भेटत नाही. भावाशी भांडणारी, दुर्गी या मैत्रिणीशी खेळणारी, घरातील मोठ्यांच्या बोलण्याचा अर्धाच अर्थ लागणारी मुलगी म्हणून भेटते. तिच्या बोलीत, तिच्या भाबड्या तर्कांत वाचक रमतो. तिचे लग्न होते, सासर येते, मग मुंबईला पतीच्या सहवासात वाचन-लेखनाचे आणि मोकळेपणाचे थोडे दिवस येतात, आणि नंतर वैधव्य आणि सक्तीचे केशवपन. त्या प्रसंगापर्यंत वाचक शेकडो पाने यमूच्या नजरेने घर, माणसे, स्वयंपाकघरातील कुजबुज पाहत आलेला असतो. त्यामुळे केशवपन ही त्याच्यापुढे चर्चेची बाब उरत नाही. ज्या गृहस्थाने सकाळी अग्रलेख वाचून मान डोलावली असेल त्याला संध्याकाळी त्याच विषयाची दुसरी बाजू अशा ठिकाणाहून दिसली की जेथे तो स्वतः कधी उभा राहिला नव्हता. एका कादंबरीने प्रथा थांबली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, आणि स्त्रियांच्या वतीने पुरुषाने बोलण्याच्या मर्यादाही विसरता येत नाहीत. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ मध्येच लिहिले होते आणि तो आवाज उसना नव्हता. तरीही दुसऱ्याच्या दुःखाची माहिती असणे आणि ते दुःख मनाने जगणे यांतील अंतर हरिभाऊंच्या कल्पनेने तोडले, आणि ते तोडण्यासाठी वाचकाच्या कल्पनेचीही तितकीच गरज होती, हे निर्विवाद आहे.

कल्पना आणि प्रत्यक्ष काम यांना परस्परविरोधी मानण्याची सवयही येथेच सोडून द्यावी लागते. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला तेव्हा पडद्यावर त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परंतु पुढे त्यांनी जे केले ते कमी सांगितले जाते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणि तंत्राची माहिती घेऊन परतल्यावर भांडवल देऊ शकणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. कॅमेरा जागचा न हलवता दिवसांमागून दिवस थोडी थोडी चित्रे घेतली आणि कोंब फुटून वेल वाढण्याची महिन्याभराची क्रिया पडद्यावर क्षणांत दाखवली. काळ आकुंचित करता येतो, ही कल्पना; आणि त्यासाठी रोज त्याच जागी, त्याच अंतरावर, तितक्याच शिस्तीने उभे राहणे, हा तिचा व्यवहार. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' प्रेक्षकांसमोर आला, त्यामागे या दोन्ही गोष्टी होत्या.

अर्थात कल्पनाशक्ती स्वभावतः सज्जन असते, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. तेंडुलकरांच्याच 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात वेळ घालवण्यासाठी मांडलेला खोट्या खटल्याचा खेळ बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेची खरी शिकार होतो. तेथे जमलेल्या प्रत्येकाजवळ कल्पकता आहे. आरोप रचण्यात, साक्षी रंगवण्यात कोणी कमी पडत नाही. त्यांना फक्त बेणारेच्या जागी स्वतःला ठेवता येत नाही. अफवा रचणाऱ्यांचे आणि एखाद्या जमातीविषयी भयकथा पसरवणाऱ्यांचेही असेच असते. कारयित्री कल्पकता विपुल आणि भावयित्री शक्ती शून्य, ही अवस्था समाजाला फार महागात पडते, आणि म्हणून या दोहोंपैकी दुसरीची जोपासना अधिक निकडीची आहे.

ही जोपासना बालपणी सुरू होते. भातुकलीत नारळाची करवंटी पातेले होते आणि पाला भाजी होतो, तेव्हा मूल वस्तूचा अर्थ वस्तूपासून सोडवून घेत असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी काठीचा घोडा करणाऱ्या मुलाच्या खेळाचा असाच अर्थ लावला होता, आणि मुलाचा अनुभव जितका समृद्ध तितकी त्याची कल्पना समृद्ध, असे १९३० मध्ये मांडले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभे केले तेव्हा परिसरातील बिया, पाने, दगड, शिंपले हीच शिक्षणाची साधने केली; त्यामागे काटकसर होतीच, पण मुलाच्या ओळखीच्या जगातूनच त्याची बुद्धी फुलते हा विचारही होता.

शाळेच्या वरच्या वर्गांत मात्र हा धागा तुटतो. दहावीच्या मराठीच्या परीक्षेत कवितेचे रसग्रहण विचारले जाते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे त्याचे भाग ठरलेले असतात, आणि त्या त्या भागात लिहायची तयार वाक्ये मार्गदर्शकांतून छापून मिळतात. भावयित्री प्रतिभेचा अभ्यासक्रमातील हा एकमेव हक्काचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर पाठ केले जाते. कवितेतील पाऊस ज्या मुलाच्या घरात गळतीने शिरतो आणि ज्या मुलाला तो गच्चीवरून दिसतो, त्या दोघांची रसग्रहणे शब्दशः सारखी येत असतील तर दोघांपैकी कोणीही ती कविता वाचलेली नाही. मराठी शिकवणाऱ्यांनी निदान एवढे करावे: कविता वर्गात दोनदा मोठ्याने वाचावी, मार्गदर्शक मिटून ठेवायला सांगावे, मुलांना त्या कवितेत स्वतःला काय दिसले ते चार ओळींत लिहू द्यावे, आणि वेगळे पण कवितेला धरून असलेले उत्तर आले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.